उमेदवारीचें मोल

‘उमेद’ हा शब्द फारसींतून मराठींत आला, आणि त्याचा अर्थ आशा. आशेवर जो दिवस काढतो तो उमेदवार. निवडणुकांमुळें या शब्दानें आतां बहुतेकांना मतपेटीचीच आठवण होते. परंतु त्याचा जुना अर्थ अगदीं निराळा होता. मामलेदाराच्या कचेरींत, वकिलाच्या ओटीवर किंवा सावकाराच्या पेढीवर एखादा तरुण पगाराची अपेक्षा न धरतां येऊन बसे. सांगतील त्या कागदांच्या नकला करी, दप्तरें बांधी, हिशेब पडताळून पाही, आणि जागा रिकामी होईल तेव्हां आपली वर्णी लागेल या आशेवर महिनेच्या महिने घालवी. तो उमेदवार, आणि त्याचा तो काळ म्हणजे उमेदवारी. असे कित्येक उमेदवार पुढें चांगले कारभारी झाले. कित्येक उमेदवारच राहिले. दोघांनीं काढलेले दिवस सारखेच होते. फरक पडला तो त्या दिवसांत हातीं काय आलें याचा.

हीच उमेदवारी आज इंटर्नशिप असें नवें नांव घेऊन उपनगरांतील घरोघर आली आहे. वैद्यकीचा विद्यार्थी शेवटचें एक वर्ष रुग्णालयांत घालवितो, ही चाल जुनी आहे. चार्टर्ड अकौंटंट होऊं पाहणारा विद्यार्थी एखाद्या पेढींत आर्टिकलशिप करतो. ती पूर्वीं तीन वर्षांची असे, ती २०२३ सालच्या नव्या योजनेनें दोन वर्षांची झाली. इंजिनिअरिंग, कायदा, वास्तुकला यांच्या अभ्यासक्रमांत अशी उमेदवारी आहेच. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांतही प्रत्यक्ष कामाचा अनुभव हा पदवीच्या शिक्षणाचा भाग होत चालला आहे. सकाळीं बोरिवलीहून किंवा मुलुंडहून निघणाऱ्या गाडींत, अथवा घाटकोपर-अंधेरी मेट्रोंत, पाठीला पिशवी अडकवून उभ्या असलेल्या तरुणांत असे उमेदवार कितीतरी असतात.

त्यांच्या घरीं आईवडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो: यांतून पुढें नोकरी लागेल काय? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. जागा देणें मालकाच्या हातीं, आणि जागा रिकामी होणें बाजाराच्या हातीं. उमेदवाराच्या स्वतःच्या हातीं असलेला प्रश्न निराळा आहे, आणि खरी कसोटी त्याचीच आहे. ज्यानें शिकविलें तो उद्यां उठून गेला, तर हें काम एकट्याला करतां येईल काय? येईल, तर उमेदवारी फळास आली. नाहीं, तर दाखला कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो, वर्ष वायां गेलें.

ही कसोटी केवळ कल्पनेंतली नाहीं. अंधेरी व बोरिवली यांच्या दरम्यान वसलेल्या मालाडमध्यें ती एकदां अक्षरशः घडून आली. १९३४ सालीं हिमांशु राय व देविका राणी यांनीं मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ ही चित्रपटसंस्था उभारली. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ सालींच सुरू झाली होती. तरी मालाड हें त्या काळीं मुंबईबाहेरचें गांवच होतें. तेथें संस्थेनें स्वतःचा स्टुडिओ आणि स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. कुशल माणसें मात्र जर्मनींतून आणलीं. दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग व नेपथ्यकार कार्ल फोन श्प्रेटी हे त्यांतले प्रमुख. त्यांच्या हाताखालीं या देशांतले तरुण काम करूं लागले. कायद्याचें शिक्षण घेत असलेला कुमुदलाल गांगुली नांवाचा एक बंगाली तरुण तेथें आला व प्रयोगशाळेंत साहाय्यक म्हणून लागला. प्रयोगशाळेंतलें काम म्हणजे अंधाऱ्या खोलींत फिल्म रसायनांत बुडवावयाची, धुवावयाची, वाळवावयाची. त्यांत नांव नाहीं, टाळ्या नाहींत. हाच तरुण १९३६ सालीं ‘जीवन नैया’ या चित्रपटांत अशोककुमार या नांवानें पडद्यावर आला.

पुढें सप्टेंबर १९३९ मध्यें महायुद्ध पेटलें. जर्मन मंडळी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली, आणि ब्रिटिश सरकारनें त्यांना स्थानबद्ध केलें. पुढच्याच वर्षीं, १९४० च्या मे महिन्यांत, हिमांशु राय वारले. संस्थेचे शिकविणारे असे एकाएकीं नाहींसे झाले. कॅमेरा होता, रसायनें होतीं, दिवे होते. प्रश्न एवढाच होता कीं, पांच वर्षें शेजारीं उभे राहून पाहणाऱ्यांनीं नुसतें पाहिलें होतें, कीं तें काम आपल्या अंगीं मुरविलें होतें? उत्तर कामानेंच दिलें. कॅमेऱ्याची बाजू आर्. डी. परींजा यांनीं सांभाळली. संस्थेचा कारभार देविका राणी यांनीं हातीं घेतला. चित्रपट निघत राहिले. आणि १९४३ सालीं ज्ञान मुखर्जी यांनीं दिग्दर्शित केलेला, परींजा यांनीं छायालेखन केलेला, अशोककुमारांची भूमिका असलेला ‘किस्मत’ निघाला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षीं शशधर मुखर्जी, अशोककुमार व त्यांचे कांहीं सहकारी मालाडहून बाहेर पडले आणि त्यांनीं शेजारच्याच गोरेगांव स्टेशनाजवळ ‘फिल्मिस्तान’ ही नवी संस्था काढली. एका पिढीची उमेदवारी पुऱ्या एका नव्या स्टुडिओला पुरून उरली.

या हकीकतींत नशिबाचा भाग नव्हता असें नाहीं. परंतु नशिबानें दार उघडलें तेव्हां आंत जाण्याची ज्यांची तयारी होती, तेच आंत गेले. आणि ती तयारी कोणत्या प्रकारच्या कामांतून झाली हें पाहण्यासारखें आहे. फिल्म धुणें हें हलकें काम होतें, पण पोकळ काम नव्हतें. हा भेद प्रत्येक उमेदवारानें व त्याच्या पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. हलकें काम म्हणजे ज्याला मान नाहीं तें. पोकळ काम म्हणजे ज्यांतून कांहीं शिकावयास मिळत नाहीं तें. कारखान्यांत लेथखालचा कीस झाडून काढणें हें हलकें काम खरें. परंतु कोणत्या धातूचा कीस लांब वळून निघतो आणि कोणत्याचा भुगा होतो, हें झाडणाऱ्या मुलालाच प्रथम दिसतें. उलट, थंडगार कचेरींत चांगल्या खुर्चीवर बसून, कशासाठीं तें ठाऊक नसतां, एका तक्त्यांतले आकडे दुसऱ्या तक्त्यांत सहा महिने उतरवीत बसणें, हें प्रतिष्ठेचें दिसलें तरी पोकळ असूं शकतें. आजची सुशिक्षित कुटुंबें हलक्या कामाला भितात आणि पोकळ कामाला भीत नाहींत. खरी भीति उलट दिशेनें बाळगावयास हवी.

काम पोकळ आहे कीं भरीव, हें ओळखावयाचें कसें? त्याच्या तीन खुणा सांगतां येतील.

पहिली खूण अशी कीं, उमेदवाराला आपला तुकडा अख्ख्या कामांत कोठें बसतो तें दिसलें पाहिजे. मालाडच्या स्टुडिओच्याही अगोदर, कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत ही सोय आपोआप होती. बाबूरावांनीं कॅमेराही स्वतः खटपट करून बनविला होता. हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत काम केलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजेच व्ही. शांताराम, १९२० सालीं या कंपनींत आले. तेथें पडेल तें काम त्यांनीं केलें, भूमिका केल्या, आणि १९२७ सालीं ‘नेताजी पालकर’ या चित्रपटाचें दिग्दर्शन केलें. दामले, फत्तेलाल व धायबर हेही त्याच कंपनींत तयार झाले. १९२९ सालीं या चौघांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन ‘प्रभात’ची स्थापना केली, आणि दामले-फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्यें व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत वाखाणणी झाली. त्या लहानशा कंपनींत पडदा रंगविणारा, कॅमेरा फिरविणारा आणि भूमिका करणारा यांच्यामध्यें भिंती नव्हत्या. शिकाऊ माणसाला काम मुळापासून शेंड्यापर्यंत डोळ्यांपुढें दिसत होतें.

आज अशी सोय क्वचित् मिळते. अंधेरीच्या सीप्झ वसाहतींत किंवा मरोळच्या औद्योगिक क्षेत्रांत एकेका कामाचे पन्नास तुकडे झालेले असतात, आणि उमेदवाराच्या वाट्याला त्यांतला एक येतो. म्हणून जें कोल्हापुरांत न मागतां मिळे, तें आतां मागून घ्यावें लागतें. घाटकोपरच्या एखाद्या हिशेबनिसाच्या पेढींतलें उदाहरण घेऊं म्हटलें तर असें. नव्या मुलाला पावत्यांचा गठ्ठा मिळतो व त्या तपासून खुणा करावयास सांगतात. तो मुकाट्यानें खुणा करीत राहिला, तर दोन वर्षांनीं त्याला खुणा करतां येतील. पण त्यानें पहिल्याच आठवड्यांत एकच पावती हातीं धरून तिचा माग काढला. माल मागविल्याचें पत्र, माल आल्याचें चलन, बिल, रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि अखेर ताळेबंद, अशी तिची वाटचाल स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली. तर पुढच्या प्रत्येक खुणेला अर्थ येतो. चलनावरचा माल आणि बिलावरचा माल यांत तफावत पडली तर ती कोठें जाऊन उमटेल, हें त्याला कळूं लागतें. असा माग काढावयास कोणाची परवानगी लागत नाहीं; एखाद्या जुन्या कारकुनापाशीं जेवणाच्या सुट्टींत बसलें तरी पुरतें.

दुसरी खूण म्हणजे उमेदवाराची चूक काढणारें कोणी तरी असलें पाहिजे. चूक काढावयास वेळ लागतो, आणि वेळ खर्च करण्याची तयारी हीच शिकविणाऱ्याच्या आस्थेची खरी निशाणी होय. मुंबई उपनगरांतच याचें एक मोठें उदाहरण आहे. ट्रॉम्बेच्या अणुशक्ति केंद्रांत होमी भाभा यांच्या कारकीर्दींत, १९५७ सालीं, एक प्रशिक्षण शाळा सुरू झाली. विज्ञानाच्या व इंजिनिअरिंगच्या पदवीधरांना तेथें वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवावयाचें, त्यांच्या वारंवार परीक्षा घ्यावयाच्या, आणि उतरतील त्यांना केंद्राच्या कामांत घ्यावयाचें, अशी ही पद्धत. माटुंग्याच्या व्हीजेटीआय संस्थेंतून १९६३ सालीं यांत्रिकी शाखेची पदवी घेतलेले अनिल काकोडकर याच शाळेंतून गेले व १९६४ मध्यें केंद्राच्या सेवेंत आले. १९८५ सालीं सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या रचनेंत त्यांचा मोठा वाटा होता, आणि २००० ते २००९ या काळांत ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. अणुभट्टी चालवावयाची तर परक्या तज्ज्ञांवर कायम अवलंबून राहतां येत नाहीं. म्हणून त्या संस्थेनें शिकाऊ माणसावरचा खर्च हा भांडवल समजून केला.

प्रत्येक उमेदवाराला ट्रॉम्बे लाभत नाहीं हें उघड आहे. परंतु चूक काढून घेण्याची युक्ति कोठेंही करतां येते. पुष्कळ मुलें वरिष्ठांकडे जाऊन “साहेब, कांहीं काम आहे का?” असें विचारतात. कामांत गुंतलेला माणूस यावर “सांगतों मागाहून” म्हणतो, आणि तो ‘मागाहून’ कधींच येत नाहीं. तोच मुलगा जर असें म्हणाला कीं, “साहेब, काल हा आकडा मी अशा रीतीनें काढला होता; आपण तो बदललात. कारण कळलें तर पुढच्या खेपेस चुकणार नाहीं,” तर बहुतेक माणसें हातांतलें काम दोन मिनिटें बाजूस ठेवतात. पहिल्या प्रश्नानें वरिष्ठाला नवें काम शोधण्याची तसदी पडते. दुसऱ्यानें त्याचीच पुढची तसदी वांचते. विचारण्यांतला हा फरक लहान दिसतो, पण सहा महिन्यांच्या अखेरीस शिकलेला आणि न शिकलेला यांच्यांतलें अंतर बरेंचसें त्यानेंच पडतें.

तिसरी खूण ही कीं, उमेदवारी संपण्यापूर्वीं निदान एक काम आरंभापासून शेवटापर्यंत उमेदवाराच्या हातून पुरें झालें पाहिजे. तें मोठें असण्याची गरज नाहीं. एका दुकानाच्या वर्षभराच्या हिशेबाचा बँकेच्या खात्याशीं घातलेला मेळ, एका यंत्रभागाचें मापाबरहुकूम काढलेलें रेखाचित्र, एका इस्पितळांतील बाह्यरुग्ण खिडकीवरची रांग कशानें लांबते याची पंधरा दिवसांची नोंद, एवढ्यानेंही काम भागतें. पुढें मुलाखतीच्या वेळीं समोरचे गृहस्थ जेव्हां विचारतात, “तेथें तुम्हीं काय केलें?”, तेव्हां “मदत केली” हें उत्तर कोणाच्याच स्मरणांत राहत नाहीं. “हा मेळ लागत नव्हता, अमुक ठिकाणीं एकच चेक दोनदां लिहिला गेला होता, तो शोधून काढला” हें उत्तर राहतें. काम मालकाचें असतें आणि त्याचे कागद बाहेर नेणें हा विश्वासघात होय. परंतु तें कसें केलें हें सांगण्याची मुभा कोणीही हिरावून घेत नाहीं.

हें सांगतां यावें म्हणून रोजनिशी हवी. रोज रात्रीं चार ओळी पुरेत: आज काय केलें, कोठें अडलें, कोणीं सोडविलें, आणि कोणती गोष्ट अजून कळली नाहीं. आठवडाभराच्या शेवटच्या ओळी एकाखालीं एक वाचल्या म्हणजे पुढच्या आठवड्यांत काय विचारावयाचें तें आपोआप ठरतें. आणि एक महिना उलटूनही या वहींत रोज तेंच तें लिहावें लागत असेल, तर काम पोकळ आहे हें निराळें सांगावयास नको. अशा वेळीं प्रथम वरिष्ठांशीं सरळ व नम्रपणें बोलावें. कांहीं आठवडे वाट पाहावी. आणि फरक न पडल्यास शक्य तर जागा बदलावी. ‘सुरू केलें आहे तर पुरें कर’ हा घरांतला उपदेश एरवीं चांगला. पोकळ उमेदवारीच्या बाबतींत तो मुलाचें वर्ष खातो.

येथवर उमेदवाराच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु सारा भार त्याच्याच डोक्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पूर्वींच्या कचेरींतला उमेदवार बिनपगारी राबे, आणि घरची शेतीवाडी असेल त्यालाच तें परवडे. आजही तोच पेंच आहे. ज्या घरांत दोन पगार येतात त्या घरचा मुलगा सहा महिने फुकट काम करूं शकतो. ज्या घरांत मुलाच्या कमाईची वाट पाहिली जाते, तेथें रेल्वेचा पास आणि दुपारचें जेवण हाही खर्चच. बिनपगारी उमेदवारीचा दाखला हा जर नोकरीचा दरवाजा ठरला, तर तो दरवाजा हुशारीनें न उघडतां घरच्या पैशानें उघडेल. आणि ज्यांच्या हातांत खरी कसब असती अशीं कांहीं मुलें बाहेरच उभीं राहतील. हें नुकसान त्या मुलांचें आहेच, पण तितकेंच तें कारखान्यांचें व कचेऱ्यांचेंही आहे.

कायद्यानें याचा कांहीं विचार केलेला आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यांत शिकाऊ उमेदवाराशीं लेखी करार करून त्याची नोंदणी करावी लागते, विद्यावेतन द्यावें लागतें, आणि काम करतांना इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. १९७३ सालीं पदवीधर व पदविकाधारक इंजिनिअरांचाही त्यांत समावेश झाला. २०१९ सालच्या नियमांनीं पदवीधर उमेदवारासाठीं दरमहा किमान ९,००० रुपये ठरविले. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेंत प्रथम सहा महिन्यांची मुदत होती, आणि दरमहा बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० व पदवीधरांना १०,००० रुपये असें विद्यावेतन ठेवलें होतें. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली; तींत २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने संधि आणि दरमहा ५,००० रुपये होते, आणि निदान निम्मा काळ वर्गांत न घालवितां प्रत्यक्ष कामांत घालवावा अशी अट होती. ही शेवटली अट महत्त्वाची आहे. पोकळ उमेदवारीची भीति सरकारलाही वाटली असावी असें तीवरून दिसतें.

येथें एक सावधगिरी हवी. कायदा ज्याला अप्रेंटिस म्हणतो त्याला हें संरक्षण आहे. नुसतें ‘इंटर्न’ म्हणून ज्याला टेबलाशीं बसविलें, त्याला तें आपोआप लाभत नाहीं. म्हणून कामावर रुजू होण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर मागून घ्याव्या: मुदत किती, वेळ कोणती, विद्यावेतन किती, आणि काम कोणाच्या देखरेखीखालीं करावयाचें. यांतली चौथी गोष्ट लोक विसरतात, आणि शिक्षणाच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोलाची. ज्या ठिकाणीं शिकविणाऱ्याचें नांव सांगतां येत नाहीं, तेथें शिकविणारें कोणी नसतें. जेथें उलट उमेदवाराकडूनच पैसे मागतात, तेथें तर पाऊलही टाकूं नये. तो दाखल्यांचा व्यापार होय.

मुलींच्या बाबतींत आणखी एक माहिती प्रत्येक घरीं असावी. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ सालीं झालेला कायदा केवळ पगारी नोकरांपुरता नाहीं. प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांनाही तो लागू आहे. दहा किंवा अधिक माणसें काम करतात त्या प्रत्येक ठिकाणीं अंतर्गत समिति असलीच पाहिजे. त्याहून लहान जागेंतल्या तक्रारीसाठीं जिल्ह्याची स्थानिक समिति असते. समितीवर कोण आहेत, हें पहिल्याच दिवशीं विचारण्यांत संकोच कसला? ज्या कचेरींत उत्तर चटकन् मिळतें, तेथें इतर व्यवस्थाही बहुधा नीट असते.

आईवडिलांनीं काय करावें? ओळखीच्या गृहस्थांकडून मुलाला दाखला मिळवून देण्याची धडपड पुष्कळ पालक प्रेमापोटीं करतात. शब्द टाकून प्रवेश मिळवून देणें एक वेळ समजण्यासारखें आहे. काम न करतां सही मिळवून देणें हें मुलाच्या हातावर खोटें नाणें ठेवण्यासारखें आहे. पहिल्याच मुलाखतींत तें खणकन् वाजवून पाहिलें जातें. त्यापेक्षां संध्याकाळीं घरीं आलेल्या मुलाला “दमलास का?” याबरोबर “आज काय नवें पाहिलेंस?” असेंही विचारावें. ज्याला रोज रात्रीं हें सांगावें लागतें, तो दिवसा डोळे उघडे ठेवतो. निरोप घेतांना मिळणारें शिफारसपत्रही असेंच पारखून घ्यावें. ‘कष्टाळू व नम्र’ ही विशेषणें सगळ्यांनाच मिळतात; कोणतें काम, कोणत्या पद्धतीनें, किती काळ केलें, एवढें त्यांत स्पष्ट लिहून मागावें. शिकविणाऱ्याला हें लिहितांना अडचण पडली, तर शिक्षण किती झालें तें त्यानेंच सांगितलें असें समजावें.

आणि मालकांनींही एक गोष्ट विसरूं नये. मुलुंड, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यांतल्या कितीएक कारखान्यांच्या जागीं आतां उंच इमारती व दुकानें उभीं आहेत. त्या कारखान्यांत जुना मिस्त्री नव्या पोराला हाताशीं धरून काम शिकवी. तो मिस्त्री गेला आणि त्याच्याबरोबर ती शाळाही गेली. नव्या कचेऱ्यांनीं ती जागा भरून काढली नाहीं, तर दहा वर्षांनीं ‘चांगलीं माणसें मिळत नाहींत’ ही त्यांचीच तक्रार असेल. आठवड्यांतून एक तास एका उमेदवाराची चूक समजावून सांगण्यास दिला, तर कोणाचें दिवाळें निघत नाहीं.

१९३९ च्या सप्टेंबरांत मालाडला जें घडलें, तें युद्धानें एकाएकीं घडविलें. एरवीं तें हळूहळू, पण प्रत्येकाच्या बाबतींत घडतेंच. वरिष्ठ निवृत्त होतात, कंपन्या जागा बदलतात, मुदत संपते. शिकविणारा बाजूस होतो आणि काम समोर उभें राहतें. त्या दिवसाची तयारी ज्या उमेदवारींत होते ती खरी उमेदवारी. आणि तसली तयारी जेथें होत नाहीं, तेथें मुलाचा एकही महिना खर्च करूं नये.